जुने जी. आय. जो, ही-मॅन, इंद्रजाल : आधी नोंदी, मग मेळावा (वर्धा-यवतमाळ-अमरावतीकडच्यांनी जरूर वाचा)

आर्वीकर

नमस्कार मंडळी,

पोळ्यानंतरच्या रविवारी आमच्या आर्वी तालुक्याच्या वाचनालयाचा वरचा हॉल दिवसभरासाठी मिळतो आहे. आपल्या भागातल्या जुन्या खेळण्यांचा आणि कॉमिक्सचा मेळावा तिथे भरवावा, असं फार दिवसांपासून मनात आहे. भर जी. आय. जो ह्या अमेरिकन सैनिक-पुतळ्यांवर राहील, कारण माझा अभ्यास त्यांचा आहे. बाकी ही-मॅन, ट्रान्सफॉर्मर्स, इंद्रजाल कॉमिक्स, ज्याच्याकडे जे असेल ते आणावं. विक्री नाही, तिकीट नाही. अट एकच आहे, ती खाली सांगतो.

हॅस्ब्रो ह्या अमेरिकन खेळणी-कंपनीने जी. आय. जो पहिल्यांदा १९६४ मध्ये आणला तेव्हा तो बारा इंची होता, अंगात कापडी कपडे. आपण खेळलो तो तो नव्हे. आपला जो १९८२ चा, पावणेचार इंची. त्याआधी केनर कंपनीच्या स्टार वॉर्सच्या छोट्या पुतळ्यांनी एक गोष्ट सिद्ध केली होती : पुतळा लहान केला की त्याला बसायला गाडी, विमान, अख्खा तळसुद्धा परवडणाऱ्या आकारात करता येतो. हॅस्ब्रोने तोच आकार उचलला, पण सांधे वाढवले. १९८३ मध्ये दंडातही फिरणारा सांधा आला आणि पुतळा दोन्ही हातांनी बंदूक धरू लागला. पहिल्या वर्षीचा स्नेक आईज अख्खा काळा का, माहीत आहे? खर्च वाचवायला एक पुतळा बिनरंगाचा काढायचा होता. काळ्या प्लॅस्टिकमध्ये ओतला, रंगाचा एक हातही दिला नाही. तोच पुढे सगळ्यांचा लाडका झाला.

गोष्ट मात्र कंपनीकडे नव्हती. ती मार्व्हल ह्या कॉमिक्सवाल्या कंपनीकडून आली. तिथला लेखक लॅरी हामा हा व्हिएतनाम युद्धाच्या काळात अमेरिकन लष्करात असलेला माणूस. त्याच्याकडे 'फ्युरी फोर्स' नावाच्या एका न निघालेल्या मालिकेचं टाचण पडून होतं, ते इथे कामी आलं. शत्रू कोण, हा प्रश्न मार्व्हलच्याच बैठकीत निघाला आणि आर्ची गुडविनने कोब्रा ही शत्रूसंघटना सुचवली. मार्व्हलची मालिका १९८२ ते १९९४ चालली, १५५ अंक निघाले, आणि जवळजवळ सगळे हामानेच लिहिले.

आता आपल्याकडचं. फनस्कूल ही एमआरएफची कंपनी, १९८७ ची. हॅस्ब्रोच्या परवान्याने तिने भारतात जी. आय. जो काढले. साचे अमेरिकेतलेच, पण प्लॅस्टिक इथलं, रंग इथले, त्यामुळे तिकडच्या हिरव्या माणसाला इकडे भलताच रंग आलेला दिसतो. हाच माल पुढे अमेरिकन संग्राहकांनी शोधून शोधून नेला. त्यांनी त्याच्या याद्याही केल्या, कौतुकास्पद केल्या. पण त्या याद्या त्यांच्या हातात पोचलेल्या मालावरून झाल्या. हिंगणघाटच्या दुकानात कोणत्या दिवाळीला काय टांगलेलं होतं, हे तिकडे बसून कोणाला कळणार? ते आपल्यालाच माहीत आहे, आणि ज्यांना माहीत आहे ते दुकानदार आता सत्तरीत आहेत.

म्हणून ही अट. प्रत्येक जो पुतळ्याच्या पुठ्ठ्यामागे एक माहितीपत्र छापलेलं असायचं : खरं नाव, जन्मगाव, हुद्दा, कशात तरबेज. कापून जपून ठेवायचं. ती बहुतेक हामानेच लिहिली. पात्रं ध्यानात राहावीत म्हणून तो स्वतःसाठी टिपणं करायचा, त्यातूनच ती निघाली. आपणही तेच करायचं. जी वस्तू आणाल तिच्यासोबत एक कागद आणा. वस्तू काय आहे, रंग कोणता, पाठीवर किंवा पायावर काय शिक्का आहे, काय तुटलं आहे. कुठून घेतली, कोणी घेऊन दिली, साधारण केव्हा, आणि ते 'केव्हा' तुम्हाला कशावरून आठवतं (कितवीत होतो, कोणाचं लग्न होतं). ज्याचं उत्तर नाही तो रकाना कोरा ठेवा, पण अंदाज लिहू नका.

कोण कोण येईल ते इथे सांगा.


वऱ्हाडी_पोट्टा

आर्वीकर भाऊ, वाचून लय बरं वाटलं. माह्याकडं कोब्राचे काही सैनिक हायेत, एकाचा अंगठा तुटेल हाये. माह्या मोठ्या भावानं दर्यापुरातून घेतले होते का अकोल्याहून, हे मले सांगता येत नाई, त्याले विचारा लागन. एक सांगा, याची किंमत काय येते? इकडं एक जण म्हणे का पॅकिंग असलं तर लय जाते.


आर्वीकर

भाऊ, पुठ्ठ्यासकट बंद असेल तर घेणारे आहेत, खेळलेल्याला कमी. पण मेळाव्यात किमतीचं बोलणं नको, एवढी विनंती. एकदा भाव निघाला की लोक वस्तू दाखवायच्या ऐवजी झाकायला लागतात, हे मी इतर ठिकाणी पाहिलं आहे. भावाला मात्र नक्की विचारा. दर्यापूर की अकोला, हाच तर आपला प्रश्न आहे.

आणि अंगठा तुटलेला चालतो, आवर्जून आणा. जो पुतळ्यांचा अंगठा आणि कमरेखालचा तुकडा ह्या दोन जागा सगळ्यात नाजूक. बंदूक जाड आणि मूठ घट्ट, त्यात पोरांचे हात.


मुर्तिजापूर_जंक्शन

कल्पना छान आहे, पण कॉमिक्स नुसती 'सोबत आणा' म्हणून यायला नकोत. आमच्या पिढीने जी. आय. जो पाहिलाच नाही, आमचा नायक वेताळ, म्हणजे इंग्रजीतला फँटम. शकुंतला ह्या छोट्या रेल्वेगाडीतून यवतमाळहून यायचं, मुर्तिजापूरला गाडी बदलायची, आणि मधल्या वेळात स्टेशनवरच्या पुस्तकांच्या गाड्यासमोर उभं राहायचं. तिथे इंद्रजाल दोरीला लटकलेलं असे. वडील घेऊन देतील की नाही हे त्यांच्या चेहऱ्यावरून ठरायचं.

थोडी माहिती देतो. ली फॉकने वेताळ १९३६ मध्ये वर्तमानपत्रातल्या चित्रपट्टीतून सुरू केला. त्याचाच जादूगार मॅन्ड्रेक त्याच्या आधीचा, १९३४ चा. टाइम्स ऑफ इंडियाने इंद्रजाल काढलं १९६४ च्या मार्चमध्ये, पहिलाच अंक वेताळाच्या कमरपट्ट्याच्या गोष्टीचा. १९९० मध्ये बंद पडलं. वेताळाचा देश इथल्या अंकात डेंकाली झाला, ते आपल्याला इतकं सवयीचं झालं की मूळ नाव कोणी सांगितलं तर तेच खोटं वाटतं. १९७६ पासून आबिद सुरतींचा बहादूर आला, गोविंद ब्राह्मणिया काढायचे. चंबळच्या डाकूंशी लढणारा, कुर्ता आणि जीन्स घातलेला नायक. आमच्या गावात त्या वेळी तसा कुर्ता शिवून घेण्याची लाट आली होती.

संशोधन म्हणाल तर इंद्रजालात भरपूर आहे. पट्ट्या पानात बसवायला चित्रं कापलेली असत. कोणता अंक कोणत्या सालच्या पट्टीवरून घेतला, कुठे काय गाळलं, हे जुळवणारे लोक देशभर आहेत. इंग्रजी-हिंदी अंकांवर त्यांचं काम खूप पुढे गेलं आहे. मराठी अंक मात्र रद्दीत जास्त गेले. आपल्याकडच्या माळ्यांवर मराठी असतील.


आर्वीकर

काका, तुमचं म्हणणं मान्य. कॉमिक्सला स्वतंत्र भिंत देऊ. आणि तुमचा वेताळ आणि माझा जो ह्यांचं नातं आहे, ते सांगतो. स्टॅन वेस्टन नावाच्या परवान्यांच्या दलालाने सैनिक पुतळ्याची कल्पना हॅस्ब्रोच्या डॉन लेव्हीनकडे नेली, त्यातून १९६४ चा जो झाला. हाच वेस्टन पुढे आयडियल कंपनीकडे गेला आणि १९६६ मध्ये कॅप्टन ॲक्शन निघाला. पुतळा एकच, पण वरून वेगवेगळ्या नायकांचे पोशाख चढवायचे. त्यात सुपरमॅन होता, बॅटमॅन होता, आणि वेताळही होता. म्हणजे एकाच माणसाने दोघांना खेळण्यांच्या दुकानात आणलं. भिंतीची सुरुवात ह्याच गोष्टीने करावी असं वाटतं.


रेवती_वणी

नमस्कार. वाडा रिकामा करताना एका बिस्किटाच्या डब्यात माझे आणि भावाचे पुतळे सापडले. बहुतेकांचे पाय वेगळे, धड वेगळं. भाऊ म्हणाला टाकून दे. मी टाकले नाहीत, कारण तुटलेलं काहीच नव्हतं. आतला रबर गेला होता.

ज्यांच्याकडे असेच आहेत त्यांच्यासाठी सविस्तर लिहिते. पाठीच्या मधोमध एक स्क्रू असतो, डोक्यावर अधिकच्या चिन्हासारखी खाच असलेला. घड्याळजीकडचा बारीक पेचकस चालतो. मोठा लावला तर खाच झिजते आणि मग स्क्रू कधीच निघत नाही. निघाला की छाती आणि पाठ असे दोन तुकडे होतात, हात आणि डोकं सुटं होऊन पडतं, म्हणून ताटात उघडा. आत काळ्या रबराची एक कडी असते. तिचं वरचं टोक छातीच्या आतल्या खांबाभोवती, खालचं टोक कमरेच्या तुकड्यातून जाऊन पायांच्या धातूच्या आकड्यात. तिच्या ताणावर अख्खा पुतळा उभा असतो. तीस वर्षांनी तो रबर कडक होतो आणि हात लावताच तुकडे पडतात.

नवी कडी मी फवारणी पंप दुरुस्त करणाऱ्याकडून आणली. त्याच्याकडे पंपाच्या सगळ्या मापांच्या कड्या असतात. जुन्या कडीचे तुकडे सोबत न्या आणि जाडी जुळवून घ्या. जाड घेतली तर बसते, पण ताण जास्त होतो आणि आकडा किंवा कमर मोडते. थोडी सैल बरी. पुतळा जरा डुगडुगेल, पण टिकेल.

एक विचारायचं होतं. एका पुतळ्याच्या पायावर १९८६ असा शिक्का आहे, पण आम्ही तो नक्की त्यानंतर बऱ्याच वर्षांनी घेतला, मी नववीत होते. मग कागदावर काय लिहू?


आर्वीकर

ताई, फार महत्त्वाचा प्रश्न. तो शिक्का साच्याचा आहे. ज्या वर्षी रचनेचा हक्क नोंदला ते वर्ष, पुतळा ओतला ते नव्हे. पोलादी साचा फार महाग पडतो. अमेरिकेत एखादा पुतळा बंद झाला की साचा दुसऱ्या देशातल्या परवानाधारकाकडे जायचा आणि तिथे आणखी कितीतरी वर्षं चालायचा. म्हणून तिकडे केव्हाच संपलेला सैनिक आपल्याकडे नव्वदच्या दशकात नवाकोरा मिळत होता. कागदावर दोन्ही लिहा : 'शिक्का १९८६, खरेदी मी नववीत असताना'. तुमची नववी हीच खरी नोंद. शिक्का तर सगळ्यांच्याच पुतळ्यावर सारखा असणार.


मेळघाटातला_गुरुजी

मी मेळघाटात जिल्हा परिषदेच्या शाळेवर आहे. आर्वीकरांनी मार्व्हलच्या जी. आय. जो मालिकेतल्या २१ व्या अंकाचं नाव घेतलं नाही, म्हणून मी घेतो.

१९८४ चा हा अंक, 'सायलेंट इंटरल्यूड'. हामाने लिहिला आणि कच्ची चित्रंही त्यानेच आखली. कोब्राच्या किल्ल्यात जोच्या तुकडीतल्या स्कार्लेटला पकडून ठेवलं आहे, स्नेक आईज तिला सोडवायला जातो. अख्ख्या अंकात एक संवाद नाही, एक निवेदनाची चौकट नाही, धाड-धुडूमसुद्धा नाही. स्नेक आईज बोलू शकत नाही, त्याच्या गोष्टीला ते शोभतंच.

आमची पोरं घरी कोरकू बोलतात. पहिली-दुसरीत मराठी पुस्तक त्यांच्यासमोर भिंतीसारखं उभं असतं. अक्षर लागतं, पण अर्थ लागत नाही. मी हा अंक त्यांच्यात मधे ठेवला आणि काहीच सांगितलं नाही. पानं उलटत गेली तसतशी त्यांची आपसात वादावादी सुरू झाली. हा आधी आला की तो, ही सुटली कशी, दार कोणी उघडलं. एकाने मागचं पान काढून दाखवलं की बघ, इथे तिच्या हातात काय आहे. चित्र नीट वाचल्याशिवाय असं भांडता येत नाही. शेवटी स्नेक आईजची बाही फाटलेली दिसते आणि हातावर गोंदण असतं, तसंच गोंदण शत्रूकडच्या स्टॉर्म शॅडोच्या हातावर. अमेरिकेत त्या काळी वाचकांना तो धक्का होता. आमच्या तिसरीतल्या एका मुलीने दोन्ही गोंदणांवर बोट ठेवलं आणि म्हणाली, "ह्या दोघांची आजी एकच हाय." तिच्या घरात बायकांच्या हातावर गोंदण आहे, तिला सांगावं लागलंच नाही. आणि गोष्टीत पुढे तेच निघतं, दोघं एकाच घराण्यात शिकलेले.

मेळाव्यात हा अंक काचेत ठेवू नका. मुलांच्या हातात पडेल असा ठेवा, एखादी फोटोप्रत करून का होईना. मी मुलांना घेऊन यायचा प्रयत्न करतो. परतवाड्यापर्यंत गाडी मिळाली की पुढे एसटी आहे.


आर्वीकर

गुरुजी, मुलं यायलाच हवीत. अमरावतीहून आर्वीपर्यंतची सोय आम्ही करतो, तुम्ही किती जण ते कळवा. आणि त्या मुलीचं वाक्य भिंतीवर लावायची परवानगी द्या.


सेलूकर

एक वेगळा मुद्दा मांडतो, राग मानू नका. जी. आय. जो म्हणजे अमेरिकन लष्कराचं कौतुक आणि ते कॉमिक म्हणजे खेळण्यांची जाहिरात. आपण आपल्या गावात त्याचा उत्सव करताना हे स्पष्ट सांगायला नको का?


आर्वीकर

सांगायला हवं, आणि मोठ्या अक्षरात सांगू. जाहिरात होतीच. खेळण्याच्या टीव्ही जाहिरातीत चलच्चित्र किती वापरायचं यावर तिकडे निर्बंध होते, कॉमिकच्या जाहिरातीवर नव्हते, कारण तोवर कॉमिकची जाहिरात टीव्हीवर कोणी केलीच नव्हती. म्हणून हॅस्ब्रोने कॉमिकच्या जाहिराती चलच्चित्रात दाखवल्या आणि खेळणी विकली.

पण त्या चौकटीत हामाने जे लिहिलं ते जाहिरातीत मावणारं नव्हतं. त्याची माणसं मरतात, कोब्रा एका साध्या अमेरिकन गावाच्या आड लपलेली असते. लष्करात राहून आलेल्या माणसाने ते लिहिलं आहे, हे पानापानावर जाणवतं. दोन्ही गोष्टी शेजारी शेजारी लावू, बघणारा ठरवेल. तुम्हीच तो फलक लिहाल का?


सेलूकर

लिहितो. चार ओळींत बसवतो.


पुसदकर_परदेशी

मी पुसदचा, सध्या अमेरिकेत. २०१८ मध्ये टेनेसीतल्या चॅटनूगाला जोकॉनला गेलो होतो. चाहत्यांच्या क्लबवाल्या कंपनीने भरवलेलं ते शेवटचं अधिवेशन, हे तिथे सगळ्यांना माहीत होतं, त्यामुळे लोक एकमेकांना सोडत नव्हते. विक्रीच्या दालनात गर्दी होतीच, पण मला आठवतं ते एक टेबल : फक्त अमेरिकेबाहेर बनलेले जो. ब्राझीलच्या एस्ट्रेलाचे, अर्जेंटिनाच्या प्लास्टिरामाचे, इंग्लंडच्या पॅलिटॉयचे, आणि आपल्या फनस्कूलचे. मी भारतीय आहे म्हटल्यावर त्या माणसाने मला खुर्ची दिली आणि विचारत सुटला. हे दुकानात कसे टांगलेले असत? हा निळा आधी आला की तो? मुलं ह्याला काय नावाने बोलवत? मला अर्ध्याहून जास्त प्रश्नांची उत्तरं देता आली, आणि तो ती वहीत उतरवत होता. आर्वीकर जे म्हणतात ते मी डोळ्यांनी पाहिलं आहे.

ही अधिवेशनं मुळात मोठी नव्हती, हेही सांगतो. ट्रान्सफॉर्मर्सचं बॉटकॉन १९९४ मध्ये इंडियानातल्या फोर्ट वेनला चाहत्यांनीच सुरू केलं. सॅन डिएगोचं आजचं अवाढव्य कॉमिक-कॉन १९७० चं, तेही मूठभर हौशी लोकांचंच काम. दिल्लीत २०११ ला कॉमिक कॉन इंडिया सुरू झालं, पण गडचिरोली-यवतमाळच्या मुलाला तिथे जाणं म्हणजे भाडं, मुक्काम, सगळंच आलं. तालुक्यात मेळावा होणं ही फार मोठी गोष्ट आहे.

एक सूचना. अधिवेशनात सगळ्यात मोलाचं बोलणं व्यासपीठावर होत नाही. ते दोन टेबलांच्या मधे उभं राहून होतं, आणि संध्याकाळी विरून जातं. एक कोपरा असा ठेवा जिथे फोन लावून ठेवलेला आहे आणि समोर कोणी तरी विचारणारं बसलं आहे. ज्यांची तयारी असेल त्यांनी पाच-दहा मिनिटं बोलावं. जुन्या दुकानदारांना तर घरी जाऊन विचारा, त्यांना जिना चढायला लावू नका.


सिंदीचा_नंदी

पुसदकरांनी अधिवेशनं सांगितली, मी आपलं सांगतो. तान्ह्या पोळ्याला काय होतं? पोट्टे आपापले लाकडी बैल सजवून मैदानात आणतात, कोणी शेतकरी होतं, कोणी शिवाजी महाराज, कोणी झाशीची राणी. रांगेत उभे राहतात, लोक बघत फिरतात, बक्षीस मिळतं, मग घरोघर जाऊन बोजारा, म्हणजे बक्षिसी, मागतात. आमच्या सिंदी रेल्वेला तर मोठाले नंदी निघतात, बघायला बाहेरगावचे लोक येतात. खेळणं सजवून आणायचं, वेश करून यायचं, एकमेकांचं बघायचं, हे आपल्याला कोणी शिकवायला नको. वर्धा-नागपूरकडची पोरं पिढ्यान् पिढ्या हेच करत आली.

म्हणून माझं म्हणणं, हॉलमध्ये लाकडी बैलांचं टेबल असावं. मेळावा पोळ्याच्या आठवड्यात आहे, बैल घराबाहेर काढलेलेच असतात. कित्येक घरात आज्याच्या आज्याचा बैल आहे. कोणत्या सुताराने केला, लाकूड कोणतं, चाकं केव्हा बदलली, रंग किती वेळा दिला, हे घरच्या म्हाताऱ्यांना तोंडपाठ असतं आणि कागदावर कुठेच नाही. आर्वीकरांचा तो कागद बैलालाही लावा.


आर्वीकर

नंदीभाऊ, हे आधी सुचायला हवं होतं असं प्रत्येकाला वाटेल. बैलांचं टेबल दारातच ठेवू. कागद तोच, फक्त 'कुठून घेतलं'च्या जागी 'कोणी घडवला'.


अंजनगावकर

ही-मॅनवाले कोणी आहेत का? माझ्याकडे लिओचे पुतळे आहेत. मॅटेलच्या परवान्याने लिओ कंपनी इथे बनवायची, आणि दूरदर्शनवर मालिका लागायची त्यामुळे गावात सगळ्यांना नावं पाठ. पण मालिकेच्या आधी जे छोटं पुस्तक पुतळ्यासोबत यायचं ते वाचलं की वेगळाच ही-मॅन भेटतो. १९८२ ची पहिली पुस्तकं डॉन ग्लटने लिहिली, अल्फ्रेडो अल्कालाने काढली. मालिकेत ज्याचा ही-मॅन बनतो तो राजपुत्र ॲडम त्यात नाहीच. ही-मॅन जंगलातल्या टोळीतला, घर सोडून निघालेला माणूस, आणि जादूची तलवार दोन तुकड्यांत विभागलेली, एक इकडे एक तिकडे. राजवाडा वगैरे सगळं नंतर आलं. अल्कालाची ती चित्रं एकदा बघा, ढग आणि खडक असे काढलेत की रंगीत छपाईतही रेघ न् रेघ दिसते.

पुस्तक माझ्याकडे एकच आहे, पान निसटलेलं. सेलोटेपने चिकटवून आणू का?


रेवती_वणी

दादा, सेलोटेप अजिबात नको! त्याचा गोंद पिवळा होऊन कागदात मुरतो, मग पान टिकत नाही. निसटलेलं पान तसंच जागेवर ठेवा आणि अख्खं पुस्तक एका कोऱ्या कागदात घालून दोन पुठ्ठ्यांच्या मधे आणा.

मी रसायनशास्त्र शिकवते, त्यामुळे आणखी सांगते. पुतळ्यांच्या डब्यात डांबराच्या गोळ्या टाकू नका. त्यांच्या वाफेने काही प्लॅस्टिक मऊ पडतं आणि पृष्ठभाग चिकट होतो. मऊ रबरी भाग असलेली खेळणी घट्ट पिशवीत बंद करून ठेवली तरी चिकटपणा येतो, हवा लागू द्या. आपल्याकडे मे महिन्यात पारा पंचेचाळीसच्या वर जातो, पत्र्याखालच्या माळ्यावर त्याहून जास्त. तिथे तलवारी, बंदुका आपोआप वाकतात. खाली, आतल्या खोलीत, कपाटात ठेवा. वाळवीसाठी डबा भिंतीला टेकवू नका. आणि कॉमिक्सना लॅमिनेशन करू नका, कितीही मोह झाला तरी. ते पुन्हा काढता येत नाही.


मुर्तिजापूर_जंक्शन

रेवतीताई, लॅमिनेशनचं वेळेवर सांगितलंत. माझ्या ओळखीचे एक जण बहादूरचे अंक उद्याच द्यायला निघाले होते. आत्ता फोन करतो.


वडसा_लाइन

आम्ही झाडीपट्टीवाले. दिवाळीनंतर नाटकांचा हंगाम सुरू होतो, त्याआधी आमच्या इथले कपडेपट आणि रंगभूषावाले मोकळे असतात. पोरांना वेताळ, स्नेक आईज, कोब्रा कमांडर व्हायचं असेल तर मापं पाठवा. वेताळाचा मुखवटा आणि पट्टा आमचा माणूस सहज करतो, कवटीची अंगठी पत्र्याची करून देईल. कोब्रा कमांडरचा चकचकीत चेहरा जरा अवघड आहे, पण त्याने हेल्मेटची काच मागवून ठेवली आहे. कापडाचे पैसे तेवढे द्या, मजुरी नको म्हणतो. त्याने लहानपणी इंद्रजाल पाहून पडदे रंगवायला सुरुवात केली होती, हे मला ह्या धाग्यामुळेच कळलं.


आर्वीकर

वडसावाले भाऊ, त्यांना आमचा नमस्कार सांगा, आणि त्यांनाही बोलणाऱ्यांच्या कोपऱ्यात बसवायचं आहे. इंद्रजाल पाहून पडदा रंगवणारा चित्रकार ही नोंद कोणत्याही दुर्मीळ पुतळ्याच्या वरची आहे.


वऱ्हाडी_पोट्टा

आर्वीकर भाऊ, मोठ्या भावाले विचारलं. अकोला नाई आन् दर्यापूर बी नाई. मूर्तिजापूरच्या यात्रेत एका गाड्यावर भेटले होते, सुटे, पुठ्ठ्याबिगर, एका टोपल्यात. भाऊ तवा सहावीत होता. त्यानं सांगतलं का टोपल्यात एकाच माणसाचे दोन रंग होते आन् त्यानं दोन्ही घेतले, एक मले दिला. दुसरा त्याच्यापाशी हाये, बायकोच्या दागिन्याच्या डब्यात ठेवला त्यानं. दोघंबी येतो.


आर्वीकर

भाऊ, हे वाचून अंगावर काटा आला. यात्रेत सुटे पुतळे टोपलीत विकले जात होते, ही नोंद मी आजवर कुठल्याच यादीत पाहिलेली नाही. दोन्ही रंग शेजारी ठेवून फोटो काढू. तुमच्या भावाचं नाव कागदावर त्यांच्या परवानगीनेच लिहू, नको म्हणाले तर 'सहावीतला मुलगा' एवढं पुरे.

आता ठरलेलं सांगतो. हॉल सकाळी दहाला उघडेल. दारात बैल, डाव्या भिंतीला इंद्रजाल आणि बाकी कॉमिक्स (मुर्तिजापूरकाका बघतील), मधे जी. आय. जो आणि ही-मॅन. रेवतीताई दुपारी दोन ते चार दुरुस्तीला बसतील; कड्या त्या आणतील, पुतळा उघडायचा की नाही ते मालकाने ठरवायचं. खिडकीजवळ २१ व्या अंकाच्या प्रती, त्या मुलांसाठी आहेत, मोठ्यांनी थांबायचं. सेलूकरांचा फलक जिन्याच्या वळणावर. बोलायचा कोपरा आतल्या खोलीत, पंखा बंद करावा लागेल, आवाज येतो.

जेवणाला झुणका-भाकर आणि ठेचा. वाचनालयाच्या मागच्या घरातल्या मावशी करणार आहेत, त्यांना आकडा शुक्रवारपर्यंत हवा. कोऱ्या कागदांचा नमुना उद्या इथे टाकतो. ज्यांच्याकडे छापायची सोय नाही त्यांनी वहीच्या पानावर हाताने लिहिलं तरी चालेल, शाईच्या पेनाने नको, बॉलपेनने.